वर्गणीदारांची वही

कसबा पेठेतल्या तांबट आळीचा माल आता ऑनलाइन विकला जातो. पेशवाईत इथे वसलेल्या कारागिरांचे वंशज आजही तांब्याचा पत्रा ठोकून भांडे घडवतात आणि गुळगुळीत हातोड्याने ओळीने ठोके देत ते मठारतात. बंब आणि घंगाळे मागे पडली. त्यांच्या जागी पाण्याच्या बाटल्या, दिवे आणि शोभेच्या वस्तू आल्या, आणि गिऱ्हाईक पेठेतले न राहता बंगळुरूचे किंवा बोस्टनचे झाले. असा धंदा मांडणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात सल्ला मिळतो तो ई-मेलची यादी वाढवण्याचा. पत्ते गोळा करा, दर पंधरवड्याला पत्र पाठवा, हजाराचे दहा हजार करा. हा सल्ला अमेरिकेतून आलेला आणि अगदी नवा आहे, असा समज असतो. पण नावांची यादी करून तिच्यावर उद्योग उभा करणे हे पुण्याच्या जुन्या पेठांचे फार जुने काम आहे. ते कुठे साधले आणि कुठे फसले, हे इथल्या इतिहासात दिसते. त्या इतिहासाकडे पाहून माझे मत असे झाले आहे, की यादीची लांबी ही दुय्यम गोष्ट आहे. नाव त्या माणसाने स्वतः दिले का, कशासाठी दिले हे त्याला ठाऊक होते का आणि दिलेले नाव त्याला काढून घेता येत होते का, या तीन प्रश्नांवर यादीची किंमत ठरत आली आहे.

सुरुवात अशा यादीपासून करावी लागते जिथे या तिन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे होते. कसबा पेठ म्हणजे मूळचे कसबे पुणे. झांबरे पाटलांची पाटीलकी, कुलकर्णी, जोशी, बलुतेदार, अशी ती वतनी व्यवस्थेतली वस्ती. या व्यवस्थेत गिऱ्हाईक मिळवावे लागत नसे. ते वारशाने येई. गावच्या जोशाचे यजमान ठरलेले असत, सुताराची आणि न्हाव्याची घरे ठरलेली असत. भाऊ वेगळे झाले, की शेताबरोबर घरेही वाटून घेतली जात: अमुक आळी थोरल्याची, तमुक धाकट्याची. यादी पिढ्यान्‌पिढ्या टिकण्याची याहून भक्कम हमी जगात क्वचितच कुणाला मिळाली असेल. तरीही 19व्या शतकाच्या उत्तरार्धात तिला तडे गेले. जोतीराव फुले यांनी 24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला आणि भटजीवाचून लग्ने लागू लागली. तेव्हा गावोगावचे जोशी आपला हक्क बुडाला म्हणून कोर्टात गेले. हे दावे मुंबईच्या हायकोर्टापर्यंत पोचले. आमच्या यादीतले घर आम्हाला न विचारता गेले कसे, ही त्यांची तक्रार होती, आणि जुन्या कायद्याच्या चौकटीत ती अगदीच निराधार नव्हती. पण ज्या यजमानाने नाव कधी दिलेच नव्हते, त्याला ते काढून घेताना अपराधी वाटण्याचे कारण नव्हते. कोर्ट फार तर दक्षिणा मिळवून देऊ शकत होते, श्रद्धा नव्हे.

याला अपवाद म्हणून तीर्थोपाध्यायांच्या वह्या दाखवल्या जातील. नाशिक-त्र्यंबकेश्वरला त्या आजही निघतात, आणि पुण्याच्या कितीतरी घराण्यांची नावे त्यांत आहेत. वृत्ती वंशपरंपरेची असूनही या वह्या टिकल्या, हे खरे. पण त्या टिकण्याचे एक कारण त्यांच्या पानावरच सापडते. यात्रेला आलेला माणूस आपल्या हाताने लिहितो, कोण आलो, कुठून, बरोबर कोण, आणि खाली सही करतो. पुढे कधी नातू आला, की त्याला आजोबांचे अक्षर दाखवले जाते. उपाध्यायाने नाव घेतले आणि त्याच्या बदल्यात घराण्याची आठवण सांभाळून परत दिली. हा व्यवहार दोन्ही बाजूंचा होता, म्हणून तो वतनापेक्षा चिवट ठरला.

नाव मागून घ्यायचे आणि ते कागदावर सहीनिशी घ्यायचे, या पद्धतीला पुण्यात सार्वजनिक रूप आले ते 1870 साली. पर्वती देवस्थानच्या कारभाराबद्दलच्या नाराजीतून 2 एप्रिल 1870 रोजी पुणे सार्वजनिक सभा उभी राहिली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, हे तिचे प्राण. सभेचा एक नियम आज वाचतानाही चकित करतो. सभासद व्हायचे तर किमान 50 प्रौढ माणसांच्या सह्यांचा मुखत्यारनामा आणावा लागे. अशा 95 सभासदांनी सभा सुरू झाली आणि त्यांच्यामागे सुमारे 6 हजार लोकांच्या सह्या होत्या. तेव्हा मतदानाचा हक्क कुणाला नव्हता, प्रतिनिधी नेमण्याची कुठलीही सरकारी सोय नव्हती. तरी पेठेत हिंडून, ओसरीवर बसून, कागद वाचून दाखवून सही मागायची, हे काम या मंडळींनी केले. सरकार सभेला ‘मूठभर शिकलेल्यांची सभा’ म्हणू शकले असते. त्याला उत्तर तो कागदांचा गठ्ठाच होता. आणि यादी एकदा झाली म्हणून ती कपाटात गेली नाही. 1876-78च्या दुष्काळात सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून बातमी मागवली, पिकांची आणि मजुरीची स्थिती लिहून आणवली आणि ती सरकारपुढे ठेवली. पत्रे पुण्याहून जात होती तशी पुण्याकडे येतही होती. आजच्या व्यापारी यादीत हा उलटा ओघ सहसा नसतो, आणि मला वाटते ती तिची सर्वांत मोठी उणीव आहे.

मग आले छापील नियतकालिक. कसब्याच्या शेजारच्या बुधवार, शनिवार, नारायण, सदाशिव या पेठांत छापखाने आणि वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या, आणि त्यांचा खरा ऐवज म्हणजे खिळे किंवा यंत्र नव्हे, तर वर्गणीदारांची वही. ‘ज्ञानप्रकाश’ 12 फेब्रुवारी 1849 रोजी निघाला आणि 1951पर्यंत चालला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ 1874 साली सुरू झाली आणि जवळजवळ एकट्याच्या लेखणीवर तिचे 84 अंक निघाले. ‘केसरी’चा पहिला अंक 4 जानेवारी 1881चा. या तारखांच्या शेजारी टपालखात्याच्या तारखा मांडल्या, की एक गोष्ट स्पष्ट होते. 1 डिसेंबर 1877 रोजी व्ही.पी., म्हणजे पोस्टमनने किंमत घेऊन पुडके हाती देण्याची सोय, सुरू झाली, जुलै 1879मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड आले, 1 जानेवारी 1880पासून मनिऑर्डर टपालखात्याकडे आली. म्हणजे ‘केसरी’ निघण्याच्या आधीच्या जेमतेम तीन वर्षांत वऱ्हाडातल्या एखाद्या मास्तराला एका पैशाच्या कार्डावर अंक मागवता येऊ लागला, घरबसल्या पैसे पाठवता येऊ लागले, किंवा पोस्टमनच्या हातात पैसे ठेवून अंक घेता येऊ लागला. बोरघाटातून मुंबईपर्यंत रेल्वे 1863पासून धावत होतीच. पुण्याच्या लेखणीला महाराष्ट्रभर वाचक मिळाले, त्यात त्या लेखणीच्या धारेइतकाच या सोयींचा वाटा आहे, आणि आपल्या वाङ्मयेतिहासात त्याची नोंद फार त्रोटक होते.

अशा कचेरीतले काम जवळून पाहण्यासारखे आहे. वर्गणीदाराला क्रमांक मिळे. अंकावर गुंडाळायच्या कागदी पट्टीवर, म्हणजे रॅपरवर, तो क्रमांक आणि पत्ता असे. ‘पत्रव्यवहार करताना वर्गणीदार क्रमांक लिहावा’ ही सूचना मराठी मासिकांत पिढ्यान्‌पिढ्या छापली गेली. वर्गणीचा दर आगाऊ भरणाऱ्याला एक आणि मागाहून देणाऱ्याला दुसरा, टपालहंशील वेगळे. वर्ष संपत आले, की कारकून वही उघडून बसे, कुणाची आली, कुणाची थकली याच्या खुणा करी, आणि थकबाकीदारांना पुढचा अंक व्ही.पी.ने जाई. इथे वाचकाच्या हातात एक साधे पण जबर हत्यार होते. तो व्ही.पी. नाकारू शकत होता. नाकारलेली व्ही.पी. टपालखर्च अंगावर घालून कचेरीत परत येई, आणि प्रत्येक परतीबरोबर मालकाला कळे, की हे नाव आता आपले नाही. चिडून संपादक वाचकांच्या औदासीन्यावर लिहीत, ते बऱ्याचदा वाजवीही असे. पण यादी खरी ठेवण्याचे काम त्या परतलेल्या पुडक्यांनी केले, संपादकीय तक्रारींनी नव्हे.

याच काळात अमेरिकेतली वर्तमानपत्रे उलटी सूचना छापत होती: टपालातून जो नियमितपणे अंक उचलतो, तो त्याने मागवलेला असो वा नसो, पैशाला जबाबदार आहे. गप्प बसणे म्हणजे संमती, हा त्यातला हिशेब. ऑनलाइन फॉर्मवर आधीच खूण करून ठेवलेला चौकोन हे त्याच हिशेबाचे आजचे रूप. तो कायद्याने चालवून घेता येईल तितका काळ चालतो, पण अशा नावांतून आपुलकी कधी निर्माण होत नाही. आपुलकी कशी दिसते ते कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे ‘केसरी’वरच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात, दिसले. टिळक-आगरकर 1882 साली डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस होते, आणि ते सुटले तेव्हा ‘केसरी’चा वर्गणीदार त्याच्यापासून दूर न जाता अधिक जवळ आला होता.

इथे पहिला मोठा आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. हा सगळा वर्गणीदार कोण होता? अक्षरओळख असलेला, आगाऊ रुपया देऊ शकणारा, बहुतांशी पांढरपेशा. स्वेच्छेने आलेली नावे एवढाच निकष धरला, तर ज्यांना आपले नाव लिहिताच येत नव्हते त्यांचे काय? कृष्णराव भालेकरांनी 1 जानेवारी 1877 रोजी पुण्यातून ‘दीनबंधु’ सुरू केला. शेतकरी आणि कामकरी यांच्या बाजूने बोलणारे ते पत्र होते. ज्यांच्यासाठी ते लिहिले जात होते त्यांतल्या बहुतेकांना ते वाचता येत नव्हते, आणि वाचता येणाऱ्यांपैकी अनेकांना ते नको होते. पुण्यात त्याचा खर्च पेलेना. 1880 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईला नेले आणि गिरणगावाच्या आधाराने तगवले. पुढे 31 जानेवारी 1920 रोजी डॉ. आंबेडकरांनी मुंबईत ‘मूकनायक’ काढला तेव्हा ‘केसरी’ने त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायचे नाकारले. शाहू महाराजांनी दिलेले अडीच हजार रुपये मागे होते म्हणून सुरुवात झाली. दुसऱ्याची भरलेली वही नव्या माणसाला बंद असते, आणि ती बंद ठेवणे हीही एक सत्ता असते, हे या घटनेइतके उघड क्वचित दिसते. त्यामुळे पुण्याच्या वर्गणीदारीचे गोडवे गाताना तिच्या दारावर कोण ताटकळत राहिले ते सांगितलेच पाहिजे. पण या आक्षेपाने माझा मुद्दा ढासळत नाही. ‘दीनबंधु’ला मुंबईत आधार मिळाला तो तिथल्या कामगारांमध्ये लोखंडे स्वतः उतरले म्हणून, एकाने वाचायचे आणि दहांनी ऐकायचे, अशा वाचनातून पत्र पसरत गेले म्हणून. ज्यांचे नाव वहीत येऊ शकत नव्हते, त्यांच्यापर्यंत पोचण्याचा मार्गही जबरदस्तीतून गेला नाही. तो जास्त श्रमाचा होता, इतकेच.

जबरदस्तीचा प्रश्न कसबा पेठेच्या अगदी घरातला आहे, कारण सार्वजनिक गणेशोत्सवाची वर्गणी. कसबा गणपती हे पुण्याचे ग्रामदैवत. घरात लग्न ठरले, की पहिली पत्रिका आणि अक्षत या गणपतीला द्यायची आणि मग बाकीच्यांना, हा पुणेकरांचा रिवाज. कुणीही न मागता, शहरातली घरे आपणहून आपली वार्ता या देवळात आणतात. 1893पासून कसब्यात सार्वजनिक उत्सव सुरू झाला आणि विसर्जन मिरवणुकीत त्याला पहिला मान मिळाला. या उत्सवाचा खर्च वर्गणीवर चालला. कार्यकर्ते पावतीपुस्तक घेऊन वाड्यावाड्यात जात, स्थळप्रत पुस्तकात राही आणि पावती घरमालकाच्या हाती. मागणारा ओळखीचा, उत्सव डोळ्यांसमोर, हिशेब विचारायला मंडप दोन मिनिटांवर. या तीन गोष्टी होत्या तोवर वर्गणीदाराला आपण देणगीदार वाटे. शहर वाढले, मंडळे वाढली, अनोळखी मुले ओळखीच्या घराऐवजी रस्त्यावरच्या गाडीपुढे पावतीपुस्तक धरू लागली, आणि आकडा देणाऱ्याने ठरवण्याऐवजी मागणारा ठरवू लागला. अशा वसुलीला आवर घालायला सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम 41-क खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्यावी लागते आणि हिशेब द्यावा लागतो. नियम चांगला आहे. पण जे काम ओळख करत होती ते आता कलमाला करावे लागते, ही हानी मला मोठी वाटते. वर्गणी देणारे हात कमी झाले नाहीत. दिल्यावर वाटणारे समाधान कमी झाले.

व्यापारी यादीला यातले काय लागू पडते, असे कुणी विचारील. वर्तमानपत्राला मत असते, उत्सवाला देव असतो. भांडी विकणाऱ्याला काय? याचे उत्तर पुण्यापासून काही तासांवरच्या किर्लोस्करवाडीत आहे. लोखंडी नांगर बनवणाऱ्या कारखान्याने 1920च्या जानेवारीत ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे छोटे पत्र काढले. हेतू व्यापारी होता: कारखान्याची आणि मालाची बातमी गिऱ्हाइकांपर्यंत पोचावी. शंकरराव किर्लोस्कर संपादक झाले. त्यांना लवकरच उमगले, की नांगर घेतलेल्या शेतकऱ्याला दर महिन्याला नांगराबद्दल ऐकायचे नसते. त्याला शेतीबद्दल, उद्योगाबद्दल, जगात काय चालले आहे याबद्दल ऐकायचे असते. मजकूर पसरत गेला, नावातली ‘खबर’ गळून ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, 1930 साली ‘स्त्री’ आणि 1934 साली ‘मनोहर’ निघाले. एका कारखान्याच्या गिऱ्हाईक-पत्रातून मराठीतली तीन मोठी मासिके उभी राहिली. हे लेखणीचे यश, यादीचे नव्हे, असा दुसरा आक्षेप इथे घेता येईल. मान्य आहे, आणि ते माझ्या विधानाच्या विरोधात जात नाही. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ 1890पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः येत होती, तेव्हा वर्गणीदार पुढच्या अंकाची वाट पाहत होता ती कादंबरीची नायिका यमू हिचे पुढे काय झाले म्हणून. वाट पाहणारा माणूस हाच वर्गणीदार, बाकीचे पत्ते. मात्र लेखणी चांगली असली तरी वही किती कष्टाने भरावी लागते, तेही विसरू नये. ज्ञानकोशाचे 23 खंड पुरे करणाऱ्या डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी आपल्या बारा वर्षांच्या कामाचा इतिहास लिहिला. विद्वत्तेइतकीच यातायात भागधारक आणि ग्राहक गोळा करण्याची, गावोगाव माणसे धाडण्याची होती. केतकरांना ते काम कमी प्रतीचे वाटले नाही, हे मला त्यांच्या विद्वत्तेइतकेच मोलाचे वाटते.

शेवटचा आक्षेप पैशाचा. व्ही.पी. परत आली तर मालकाला फटका बसे, म्हणून तो जपून वागे; ई-मेल फुकट जाते, मग विकत घेतलेल्या लाखभर पत्त्यांवर पाठवून शंभर गिऱ्हाइके मिळाली तर बिघडले कुठे? दोन गोष्टींनी बिघडते. एक कायदा: 2023च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमती मोकळेपणी, ठरावीक कारणासाठी आणि माहिती देऊन घेतलेली असली पाहिजे आणि ती मागे घेणे देण्याइतकेच सोपे असले पाहिजे, असे म्हटले आहे. दुसरी गोष्ट टपाल पोचवणाऱ्यांची. फेब्रुवारी 2024पासून जीमेल आणि याहू यांनी घाऊक पत्रे पाठवणाऱ्यांवर अटी घातल्या: एका टिचकीत नाव काढण्याची सोय हवी, आणि ‘हे नको असलेले पत्र आहे’ अशा तक्रारी हजारी तीनच्या आत राहिल्या पाहिजेत. त्यापुढे गेल्यास पत्र पोचेल याचा भरवसा नाही, ज्यांनी आवडीने नाव दिले त्यांनाही. नाकारलेल्या व्ही.पी.चा भुर्दंड निराळ्या वाटेने परत आला आहे, आणि आता तो चांगल्या वर्गणीदारालाही भोगावा लागतो.

म्हणून तांबट आळीतल्या दुकानाने दहा हजारांच्या मागे लागू नये. ज्यांनी भांडे घेतले आणि पुढे लिहिलेले चालेल असे स्वतः सांगितले, अशी दोनशे नावे पुष्कळ झाली. त्यांना लिहायला विषयही कमी नाहीत: तांबे चिंचेने कधी घासावे, आंबट पदार्थ बिनकल्हईच्या भांड्यात का ठेवू नये, मठारलेला पत्रा अधिक ताठ का होतो, यंदा आळीत किती जणांनी मुलांना काम शिकवायला घेतले. आणि पत्राच्या शेवटी एक प्रश्न असावा, ज्याचे उत्तर लिहून पाठवता येईल आणि दुकानातले कुणीतरी ते वाचेल.